विकतच्या चिंध्या

आमच्या गावात कापड बघायचं असेल तर घटस्थापनेच्या आधीच्या आठवड्यात नदीवर जावं. घर झाडून-सारवून, अंथरूण-पांघरूण धुऊन झाल्याशिवाय घट बसवायचे नाहीत असा नेम आहे, त्यामुळे गावातल्या झाडून सगळ्या वाकळा (आमच्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात) त्या चार दिवसांत हिरण्यकेशीच्या पाण्यात पडतात. काठचे खडक, काटेरी कुंपणं, उसाच्या बांधावरचं गवत, जिथं जागा मिळेल तिथं वाकळ वाळत घातलेली. भिजलेली वाकळ एकटीला उचलत नाही. दोघी दोन टोकं धरून पिळतात आणि तरी ती घरापर्यंत गळत येते. मीही बादली घेऊन जाते खरी, पण माझं धुणं दोन चादरींचं. उरलेला वेळ मी खडकाखडकांवरून हिंडते आणि वाळणाऱ्या वाकळा उसवलेल्या जागी बोटानं उचकटून बघते.

"वैनी, काय हरवलंय काय तुमचं?" एकदा एका पोरीनं विचारलं. काही नाही गं, म्हटलं. तिला काय सांगणार?

वाकळ उसवली की आतलं दिसतं. वरचा थर चकचकीत, चार-पाच वर्षांपूर्वीच्या नायलॉन साडीचा. त्याखाली कुणाचा तरी टेरीकॉटचा शर्ट, गुंड्या काढलेला. त्याच्याखाली फिकट चौकड्यांचं काहीतरी. आणि अगदी तळाशी, डोळे मिटूनही ओळखू यावं असं, लुगडं. जुनी वाकळ कुणी टाकत नाही. तिच्यावरच नवं कापड चढवून पुन्हा टाके घालतात. विहीर खणताना आधी तांबडी माती, मग मुरूम लागावा, तसं वाकळीत खाली जाल तसं सूत लागत जातं. मला हवं असतं ते तळाचं.

मी मूळची पुण्याची. लग्न होऊन आजरा तालुक्यात आले त्याला आता बरीच वर्षं झाली. शिवणाचा नाद लॉकडाऊनमध्ये लागला. भाचीच्या बाळासाठी दुपटं शिवायला घेतलं आणि मोबाईलवर परदेशातल्या बायकांच्या गोधड्या बघत बसले. तारे काय, पतंग काय, षटकोन काय. त्या बायका कापडाला 'क्विल्टिंग कॉटन' म्हणायच्या, म्हणून मीही तेच नाव टाकून शोधलं. मिळालं. दोनशे ऐंशी रुपये मीटर. आमच्या पिनकोडला डिलिव्हरी नव्हती, म्हणून गडहिंग्लजच्या एका नातेवाइकांच्या दुकानाचा पत्ता दिला आणि पार्सल आणायला एक अख्खी सकाळ घालवली.

कापड दिसायला देखणं होतं. पण हातात घेतलं तर त्याची सळसळ काही बरी वाटेना. सासूबाईंनी (आमच्याकडे आत्ती म्हणतात, मीही म्हणते) कडेचा एक धागा ओढला, चुलीतल्या काटकीला लावला आणि माझ्यासमोर धरला. सुताचा धागा कागदासारखा जळतो, कागदासारखाच वास येतो आणि मागं राखाडी भुकटी उरते, ती चिमटीत धरली तर नाहीशी होते. हा धागा आक्रसला, वितळला आणि टोकाला काळी कडक गोळी धरून बसला. आत्तींनी ती गोळी दोन बोटांत फिरवून बघितली. "मणी झाला बघ," म्हणाल्या, "ववून घाल गळ्यात."

परत करायची सोय होती, पण परत न्यायला माणूस येणार तो आमच्या पिनकोडला येत नव्हता. ते कापड अजून आहे. पावसाळ्यात मोटरसायकलवर घालायला चांगलं.

मग तालुक्याच्या बाजारात फिरले. कापडाच्या दुकानात वाकळीसाठी कापड हवं म्हटलं की दुकानदार मागचा सगळ्यात स्वस्त ढीग काढतो. साटीन, क्रेप, जरीचे ठिपके असलेलं कसलंतरी. "वाकळंला काय, काय बी चालतंय." सुतीच हवं म्हटलं की त्याचा चेहरा बदलतो आणि तो वरच्या फळीवर हात घालतो. तिथं ड्रेस मटेरियल, तिथं कलमकारी, तिथं किमतीची चिठ्ठी. म्हणजे जाड्याभरड्या पांघरुणासाठी लागणारं कापड हौसेच्या फळीवर जाऊन बसलेलं, आणि ज्याला एकेकाळी हौस म्हणायचे ते जमिनीवर ढिगात.

हे आत्तींच्या हयातीतच झालेलं आहे. त्यांच्या पेटीत तळाला एक जाडसर, काठाची साडी आहे. तिला त्या 'जनता' म्हणतात. १९७६ साली सरकारनं जनता कापड योजना काढली होती. हातमागावरची साडी-धोतरं, गरिबाला परवडतील अशा भावात, आणि मागवाल्यालाही काम. तेव्हा सुती नेसणं ही गरिबी होती. लग्नात कुणी पॉलिस्टरची साडी नेसून आली तर बायका पदर हातात घेऊन बघायच्या, न चुरगळणारी, धुतली की तासाभरात वाळणारी. पुढं १९८५ च्या वस्त्रधोरणानं कृत्रिम धाग्याला वाट मोकळी करून दिली आणि ती साडी गावोगाव पोचली. आमच्यासारख्या पावसाच्या मुलखात तिचं स्वागत का झालं हे मला पहिल्याच जूनमध्ये कळलं: सुती कापड इथं चार-चार दिवस वाळत नाही, चुलीवर दोरी बांधावी लागते. बायकांनी उगाच नाही सूत सोडलं. नावं ठेवणाऱ्या माझ्यासारखीनं एक पावसाळा भर लुगडं नेसून, ते धुऊन-वाळवून दाखवावं.

पण त्यामुळे झालं असं की वाकळीचा झराच आटला. वाकळीचं कापड कधी कुणी आणायला जात नसे. ते घरातच तयार होत असे. लुगडं नेसायचं, विरलं की घरात नेसायचं, आणखी विरलं की त्याचं अर्धं बाळंतिणीच्या बाळाला, उरलेलं वाकळीत. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. चौपदरी घडी केली की दोन मीटर लांबीचे चार थर आपोआप हाताशी. रुंदीला एक पुरत नाही म्हणून शेजारी दुसरं. दोन लुगडी, वर-खाली धडक्या धोतराचं अस्तर, झाली वाकळ. पैशाचा कुठं संबंधच नाही.

हे सगळं मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी पहिली वाकळ नव्या कापडाची शिवली. तालुक्याच्या दुकानातलं मांजरपाट, पाच थर, कोरं करकरीत. तिसऱ्या ओळीलाच सुई मोडली. दाभण घेतलं तर कापडाला भोकं पडायला लागली. बोटाला टोपण घालूनही हात सुजला. कशीबशी पुरी केली, पांघरली, तर अंगावर बसेना. गुडघ्यावर तंबूसारखी उभी राहायची. धुतल्यावर एकेक थर कमीजास्त आटला, सगळी वाकळ पोळीवर फुगे यावेत तशी फुगली. आत्ती दोन दिवस काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "ही ताडपत्री झाली. कापड मुरलेलं न्हाई. माणसाच्या अंगावर मुरलं पायजे आधी."

मुरलेलं. लोणच्याला वापरतो तो शब्द. मग मी त्यांच्यापाशी बसून शिकले. जुन्या सुताचा धागा शेकडो धुण्यांनी मऊ झालेला असतो, त्यातली खळ केव्हाच निघून गेलेली असते, आटायचं तेवढं आटून झालेलं असतं, रंग जायचा तेवढा गेलेला असतो. म्हणून त्यातून सुई लोण्यातून जावी तशी जाते आणि पाच थर एकमेकांना धरून राहतात. नवं कापड घ्यायचंच असेल तर आधी रात्रभर भिजत घाल, आपट, वाळव, असं तीनदा कर. लाल आणि निळं वेगळं भिजव. मग वरच्या चौकड्यांना वापर, पोटात नको. पोटात जुनंच.

आता जुनं सूत आणायचं कुठून? आणि वरचं नवं तरी दोनशे ऐंशीच्या खाली कसं बसवायचं?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इचलकरंजी. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तिथं पहिला यंत्रमाग बसवला. त्या गावाला मी आधी फक्त बसच्या पाटीवर बघितलं होतं. जायचं म्हणजे गडहिंग्लजला गाडी बदलून दिवस मोडायचा, शिवाय जाऊन-येऊन तिकिटाचेच इतके पैसे की स्वस्त कापड महाग पडावं. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि माझं गणित बदललं. आमच्या वाटेवर एक गंमत आहे. मधला संकेश्वर-निपाणीचा पट्टा कर्नाटकातला; अर्ध्या तिकिटाची सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती, त्यामुळे तेवढ्या पट्ट्याचे पूर्ण पैसे. कर्नाटकानं त्याच वर्षी जूनपासून बायकांना त्यांच्या गाड्यांत फुकट प्रवास दिला, पण तो तिथल्या रहिवाशांना. त्या पट्ट्यात खिडकीतून दिसणारी प्रत्येक बाई माझ्यापेक्षा स्वस्तात चाललेली असते.

इचलकरंजीत उतरलं की आधी आवाज. गल्लीतून चालताना दोन्ही बाजूंच्या शेडमधून मागांची खटखट, इतकी की दुकानदाराशी भाव करायचा तर ओरडावं लागतं. कटपिसाच्या आणि चिंधीच्या दुकानांत कापड काट्यावर जातं, टेपवर नाही. तागा संपताना उरलेले तुकडे, छपाईत डाग पडलेलं, कडेला बिघडलेलं, कारखान्यात कापल्यावर उरलेल्या पट्ट्या, सगळं वेगवेगळ्या ढिगात आणि प्रत्येक ढिगाचा किलोचा भाव निराळा. पहिल्यांदा मी गोंधळून सगळ्यात स्वस्त ढीग उचलला. घरी आणून बघते तो बोटभर पट्ट्या. पायपुसणी विणायला उत्तम.

दुसऱ्या खेपेपासून मी शहाणी झाले. घरी काट्यावर तोलून आणि टेपनं मोजून बघितलं: चव्वेचाळीस इंची पन्ह्याचं साधं पॉपलीन मीटरला साधारण सव्वाशे ग्रॅम भरतं. म्हणजे किलोत आठ मीटर. मला तुकड्यांचा ढीग एकशेवीस रुपये किलोनं मिळाला. तिसरा हिस्सा वाया गेला असं धरलं तरी मीटर बावीस-तेवीस रुपयांत पडलं. फक्त खळीकडं लक्ष ठेवायचं. कोऱ्या कापडात खळ असते आणि तिचंही वजन आपणच विकत घेतो. मी एक किलो धुऊन, कडक उन्हात वाळवून परत तोललं तर नऊशे वीस ग्रॅम भरलं. ऐंशी ग्रॅम पेज दहा रुपयांना.

मी काडेपेटी घेऊन जाते. दुकानदाराला आधी ते चमत्कारिक वाटलं. कापडाच्या दुकानात बाई पर्समधून काडेपेटी काढते म्हटल्यावर कुणालाही वाटेल. आता तो स्वतःच धागा ओढून मला बाहेर रस्त्यावर पाठवतो.

पहिला प्रश्न मात्र, म्हणजे जुन्या सुताचा, इचलकरंजीत सुटणारा नव्हता. तो घरच्या कपाटात सुटला, आणि तोही रागाच्या भरात.

संक्रांतीनंतर हळदीकुंकवाचे दिवस चालू होते. ओटीत ब्लाउजपीस येत होते. ज्यांनी हे ब्लाउजपीस पाहिलेत त्यांना सांगायला नको. पोपटी, राणी, मोरपंखी; ऐंशी सेंटिमीटर म्हणून दिलेले आणि मोजलं तर सत्तर भरणारे; कुणीही आजवर त्यांचा ब्लाउज शिवलेला नाही आणि शिवणारही नाही. ते एका ओटीतून दुसरीत जातात. मी दिलेला पोपटी तुकडा, कोपऱ्यावर शाईचा ठिपका असलेला, दोन वर्षांनी माझ्याच ओटीत परत आला. तसंच आहेराच्या साड्यांचं. लग्नात आलेली साडी घडी न मोडता पुढच्या लग्नात. कपाट उघडलं की अंगावर कोसळायच्या. त्या दिवशी कोसळल्या तेव्हा मी सगळ्या खाली घेतल्या आणि मोजल्या: अकरा साड्या, सत्तेचाळीस ब्लाउजपीस, एकही सुती नाही.

लहानपणी दुपारच्या वेळी पुण्यात आमच्या वाड्यात बोहारीण यायची. जुने कपडे घ्यायची, बदल्यात भांडं द्यायची, आणि आई एका पातेल्यासाठी तिच्याशी तासभर हुज्जत घालायची. मी ठरवलं, आपण उलटी बोहारीण व्हायचं. नवी साडी द्यायची आणि जुनी घ्यायची.

गावात पहिले काही दिवस कुणाचा विश्वास बसेना. "फाटकं घेऊन नवं देतोय म्हंजे काय तर असणार," असं शेजारच्या आक्का तोंडावर म्हणाल्या. (इकडच्या बायका स्वतःबद्दल 'मी करतो, मी जातो' असं बोलतात आणि कधीकधी समोरच्या बाईलाही त्यात ओढतात. पुण्याच्या कानाला सवय व्हायला वर्ष लागलं.) पण मी नदीवर वाकळा उचकटून बघितल्या होत्या. कुणाच्या घरात लुगडी नेसणारी म्हातारी होती, कुणाकडं अजून पेटीत काही असेल, हे मला त्या चार दिवसांत कळलेलं होतं. मी नेमक्या घरी जायचे. साडी दाखवायचे आणि म्हणायचे, सासूबाईंचं एखादं विरलेलं असलं तर बघा.

एक विरलेलं लुगडं म्हणजे एक आहेराची साडी. जुनं धोतर म्हणजे तीन ब्लाउजपीस. मऊ झालेला सुती पंचा म्हणजे एक. हा दर मी ठरवला नाही, देवघेवीत तो आपोआप ठरला. त्यावर घासाघीसही होते. लुगड्याला काठ धड असला तर साडीवर एक ब्लाउजपीस चढतो. जळकं भोक असलं तर उतरतो. गंमत म्हणजे मी वाटलेले ब्लाउजपीस पुढच्या हळदीकुंकवाला परत माझ्याकडंच येतात. भांडवल फिरून हातात. असा धंदा कुठल्या व्यापाऱ्याला जमला असेल असं मला वाटत नाही.

आक्का शेवटी आल्या. त्यांच्या सासूचं इरकली लुगडं होतं, गर्द जांभळं, पदराकडं जाळी झालेलं. आधी म्हणाल्या, देत नाही, नुसतं दाखवायला आणलंय. मग ते मांडीवर घेऊन बसल्या. आत्तींनी चहा केला. सासूबद्दल पुष्कळ बोलणं झालं, त्यातलं चांगलं फारच थोडं होतं. म्हातारीनं मीठसुद्धा मोजून दिलं होतं म्हणे. चहा संपल्यावर त्यांनी लुगडं माझ्याकडं सरकवलं. साडी मात्र स्वतः निवडून घेतली, अकरातली सगळ्यात जड, जरीची. "तिनं मला कधी दिली न्हाई," म्हणाल्या, "तिच्या लुगड्यावर तरी मिळू दे."

ते लुगडं मी वाकळीच्या पोटात घातलं. आत्तींनी शेवटची बाजू बंद करायच्या आधी घनसाळ तांदळाचे चार दाणे आत टाकले. वाकळ उपाशी ठेवू नये असं त्या म्हणतात. आक्का दुसऱ्या दिवशी येऊन विचारून गेल्या, कुठल्या बाजूला घातलंस. पायाकडं, म्हटलं. त्यांना ते पसंत पडलं.

आता मला दर महिन्याला इचलकरंजीला जावं लागत नाही. फोनवर सांगते, दुकानदार फोटो पाठवतो, धागा जाळून त्याचाही फोटो पाठवतो, आणि गठ्ठा एसटीनं सोडतो. गडहिंग्लजला उतरवून घेणारा एक ओळखीचा आहे, तो आमच्या गाडीत चढवतो. मी फाट्यावर जाऊन उभी राहते. गाडीची वेळ साडेपाचची, येते सव्वासहाला.

परवा अशीच उभी होते. गाडी थांबली, कंडक्टरनं गोणपाटात बांधलेला गठ्ठा दारातून खाली सोडला. नव्या कापडाचा वास येत होता, खळीचा आणि मशीनच्या तेलाचा. गठ्ठा दहा किलोचा, मला एकटीला उचलेना. शेताकडून येणारे एक म्हातारे आजोबा वैरणीचा भारा खाली ठेवून बघत उभे राहिले.

"काय आणलंय गं पोरी एवढं?"

"चिंध्या आजोबा. वाकळंसाठी."

त्यांनी गठ्ठ्याकडं बघितलं, निघून जाणाऱ्या गाडीकडं बघितलं.

"इकत?"

"व्हय."

ते काही बोलले नाहीत. भारा परत डोक्यावर घेतला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, एका हातानं भारा सावरत दुसऱ्या हातानं त्यांनी गठ्ठ्याचं एक टोक धरलं, आणि आम्ही गावाकडं निघालो.